वनफेरीलाही गतिरोधक हवा

प्रति,
वन्य माकडे आणि खारफुटी दाखवणाऱ्या मार्गदर्शित वनफेऱ्या चालवणारी राष्ट्रीय उद्याने, वनविभाग, ग्रामसमित्या आणि पर्यटन संस्था

विषय : फेरीची वेळ, माकडांपासूनचे अंतर आणि मार्गदर्शकांचा मोबदला

सन्माननीय व्यवस्थापक मंडळी,

सस्नेह नमस्कार.

जंगलातली माकडे आणि खाडीकाठची खारफुटी एकाच फेरीत पाहता यावी अशा जागा जगात थोड्या आहेत, आणि ज्या आहेत त्या आपणासारख्यांच्या खटपटीमुळे टिकून आहेत, हे आरंभीच मान्य करते. अशा काही फेऱ्या मी स्वतः तिकीट काढून केल्या आहेत. बहुतेक आवडल्या, एक मनातून उतरली, आणि जी उतरली तिच्यामुळेच हे पत्र लिहीत आहे. ती कुठली ते सांगत नाही; कारण तिथे जे घडले, ते घडण्याची तयारी थोड्याफार फरकाने बाकीच्या ठिकाणीही करून ठेवलेली मला दिसली.

आम्ही चौदा जण होतो. मार्गदर्शक तरुण आणि जाणकार होता. वाटेतल्या झाडांची नावे, पानांचे उपयोग, पक्ष्यांचे आवाज हे सारे त्याला तोंडपाठ होते, पण त्याची नजर सारखी घड्याळाकडे जात होती. टोळी दिसली तेव्हा ती खाऊन-पिऊन स्वस्थ बसलेली होती, आणि एक मादी पाठमोरी बसून पिल्लाचे केस विंचरावेत तशी त्याच्या अंगावरून बोटे फिरवत होती. आमच्यापैकी कुणी तरी म्हणाले, ‘ही तोंड वळवत नाही.’ मार्गदर्शकाने आधी जिभेने टकटक असा आवाज काढला आणि तेवढ्याने भागेना तेव्हा खालची फांदी धरून हलवली. तिने वळून पाहिले, सगळ्यांचे कॅमेरे एकदम वाजले, आणि पिल्लाला पोटाशी धरून ती वरच्या फांदीवर गेली. तिच्यामागे सगळी टोळी उठली. आमचे काम झाले होते. पुढे खारफुटीपाशी पोहोचलो तेव्हा भरती पूर्ण चढलेली होती. लाकडी पायवाटेखाली गढूळ पाणी होते, आणि त्या पाण्याकडे बोट दाखवून ‘याच्या खाली मुळे आहेत’ असे आम्हाला सांगण्यात आले. बारा मिनिटांनी आम्ही गाडीत बसलो होतो. निघताना ज्याला सर्वांत चांगले छायाचित्र मिळाले होते, त्याने सर्वांत मोठी बक्षिसी दिली.

त्या तरुणावर माझा राग नाही. तीन तासांत दोन गट पार पाडायचे, दोन्ही गटांना माकड दाखवायचेच, आणि महिनाअखेरीस हातात पडणाऱ्या रकमेचा मोठा भाग पर्यटकांच्या मर्जीवर सोडायचा, अशी मांडणी केली की तिच्यातून हेच निघणार. पर्यटकांना उद्देशून सूचनांचे फलक लावले जातात, त्यांच्या संवेदनशीलतेला आवाहन केले जाते. मी मात्र आपणाला लिहीत आहे, कारण फेरीचा वेग पर्यटक ठरवत नाही आणि मार्गदर्शकही ठरवत नाही.

टांझानियातल्या झांझिबार बेटांचे उदाहरण या बाबतीत मला फार बोलके वाटते. तिथल्या उंगुजा बेटावरचे जोझानी–च्वाका बे राष्ट्रीय उद्यान हे माकडे आणि खारफुटी एकत्र दाखवणारे बहुधा सर्वांत नावाजलेले ठिकाण असावे. २००४ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या या सुमारे ५० चौरस किलोमीटरच्या प्रदेशात झांझिबारचा लाल कोलोबस राहतो, आणि हे वानर या द्वीपसमूहाबाहेर निसर्गात कुठेच आढळत नाही. जंगलाला लागून डांबरी रस्ता जातो, आणि तो ओलांडताना वाहनांखाली सापडून कोलोबस मरत असत. यावर वाहनचालकांच्या सदसद्विवेकाला हात घालण्याचा मार्गही होताच. पण प्रत्यक्षात रस्त्यावर गतिरोधक बसवले गेले आणि मृत्यू कमी झाले. थांबले नाहीत, पण कमी झाले. चालक सुजाण आहे की उर्मट, याला गतिरोधकाच्या लेखी महत्त्व नसते. वेग दोघांनाही कमी करावा लागतो. आपल्या वनफेऱ्यांना आज नेमक्या अशाच उंचवट्यांची गरज आहे, असे माझे म्हणणे आहे.

त्यांतला पहिला अंतराचा. माणूस आणि माकड यांच्यातील अंतर हा शिष्टाचाराचा विषय मानला जातो. वास्तविक तो आधी आरोग्याचा विषय आहे. आयव्हरी कोस्टमधील ताई जंगलात, संशोधकांची सवय झालेल्या चिंपांझींमध्ये श्वसनविकाराच्या साथी येऊन काही प्राणी दगावले, आणि त्यांच्या शरीरात माणसांत सर्रास आढळणारे विषाणू सापडले, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. आपल्याला चार दिवस सर्दी होते आणि जाते. तोच विषाणू एखाद्या टोळीचे कंबरडे मोडू शकतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या कपींपासून किमान ७ मीटर अंतर राखण्यास सांगितले होते, आणि २०२० साली कोविडच्या साथीत हे अंतर १० मीटर करण्याचा सल्ला देण्यात आला. हे नियम गोरिला-चिंपांझींसाठी होते, लहान माकडांसाठी नव्हते, हे मला ठाऊक आहे; पण लहान माकडांची फुप्फुसे अधिक कणखर असतात असे कुणी म्हटलेले नाही, तेव्हा तीच मोजपट्टी वापरण्यात शहाणपण आहे.

धोका उलट दिशेनेही असतो. मकाक, म्हणजे आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांच्या कुळातल्या माकडांच्या शरीरात बी विषाणू नावाचा एक विषाणू असू शकतो. माकडांना त्याचा फारसा त्रास होत नाही, परंतु चाव्यातून किंवा ओरखड्यातून तो माणसात शिरला आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर बहुतेक वेळा जिवावर बेततो. १९३२ साली प्रयोगशाळेतले माकड चावून एका संशोधकाचा मृत्यू झाला, तेव्हा हा विषाणू प्रथम ओळखला गेला. असे प्रसंग अत्यंत विरळ आहेत आणि घाबरवून सोडण्याचा माझा हेतू नाही. पण माकडाला खांद्यावर बसवून काढलेली छायाचित्रे ज्या संस्था आपल्या जाहिरातीत आजही वापरतात, त्यांनी ही गोष्ट एकदा शांतपणे वाचावी. माकडे-कपींच्या छायाचित्रांविषयी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानेच २०२१ साली स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि माणूस व माकड एका चौकटीत खेटून असलेली चित्रे प्रसिद्ध करू नयेत असे त्यांत सांगितले आहे, कारण चित्र पाहणाऱ्याला तेच हवेसे वाटू लागते. पर्यटक आपल्या दारी येतो तेव्हा त्याच्या डोक्यातले अंतर आपल्याच जाहिरातीने आधी ठरवलेले असते.

आता खाऊ घालण्याविषयी. याला मनाई नाही अशी फेरी मला कुठे आढळली नाही, आणि ही मनाई सर्वत्र कसोशीने पाळली जाते अशीही आढळली नाही. मला वाटते, मनाईमागचे कारण नीट सांगितले जात नाही म्हणून ती पाळली जात नाही. मराठीत माकड आणि वानर हे दोन शब्द आहेत. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो, पण ज्यांनी ते वेगळे ठेवले त्यांचे निरीक्षण पक्के होते. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. मिळेल ते फळ, किडा, बी त्यांत कोंबून ते पळ काढू शकते. वानर आणि त्याचे आफ्रिकेतले कोलोबस भाऊबंद यांना या पिशव्या नसतात. त्याऐवजी त्यांच्या पोटाला कप्पे असतात, आणि त्या कप्प्यांत जिवाणूंच्या मदतीने पाने आंबवून पचवली जातात. आंबवण्याचे हे काम सावकाशीचे असते. म्हणून दुपारच्या वेळी फांद्यांवर पाय सोडून पेंगणारी टोळी आळशी नसते, तिचे जेवण त्या वेळी चालू असते. अशा पोटात पिकलेल्या केळ्याची साखर गेली तर आंबवण्याचा तोल जातो, पोट फुगते, आम्लता वाढते. आणि पेंगणाऱ्या टोळीला छायाचित्रासाठी उठवणे म्हणजे तिला ताटावरून उठवणे. ही एवढी गोष्ट त्या दिवशी आम्हा चौदा जणांना पाच मिनिटांत सांगता आली असती, तर ‘तोंड वळवत नाही’ अशी तक्रार करायला कुणाची जीभ रेटली नसती.

माकडाच्या चेहऱ्याचेही तसेच. मकाक कुळातल्या माकडाने दात विचकले की माणसांना ते हसल्यासारखे वाटते. पुष्कळदा ती भीती असते किंवा शरणागती असते. त्याची जांभई ही झोपेची असेलच असे नाही, ती ताणाचीही खूण असते. डोळ्यांत डोळे घालून पाहणे ही त्याच्या लेखी मैत्री नाही, आव्हान आहे. मार्गदर्शकांना हे सर्व माहीत असते. गट आत शिरण्यापूर्वी ते सांगण्याइतका वेळ मात्र वेळापत्रकात ठेवलेला नसतो.

इथून मी खारफुटीकडे येते, कारण माझी खरी खंत तिथे आहे. माकड डोळ्यांत भरते; त्याला चेहरा आहे, हात आहेत, पिल्लू आहे. खारफुटीला यांतले काही नाही, आणि म्हणून ती फेरीत शेवटी येते, गाडीकडे परतताना. वास्तविक माकड कसेही दाखवले तरी माणूस पाहून घेतो; खारफुटी मात्र दाखवावी लागते, आणि ती दाखवण्याची एक वेळ असते.

ती वेळ समुद्र ठरवतो. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे आजची ओहोटी उद्या साधारण ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार बेताचाच होतो. हे कोणत्याही नावाड्याला विचारले तरी तो सांगेल, आणि भरती-ओहोटीची छापील कोष्टके तर वर्षभर आधी मिळतात. तरीही मी केलेल्या फेऱ्यांपैकी एकाच फेरीचे वेळापत्रक भरती-ओहोटीला बांधलेले होते, आणि तेसुद्धा नाव चिखलात रुतू नये म्हणून. मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या बाको राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या नावांनाही भरतीचे गणित सांभाळावे लागते, असे तिथे जाणाऱ्यांना आधीच बजावले जाते. नावेसाठी जे पाळले जाते ते पाहणाऱ्यासाठी का पाळले जाऊ नये?

ओहोटीला खारफुटीत काय दिसते, हे आपणास मी सांगावे असे नाही; पण ते पर्यटकाला किती क्वचित दिसते हे आपल्या ध्यानात यावे म्हणून थोडे लिहिते. पाणी उतरले की तिवर या खारफुटीच्या झाडाभोवतीच्या चिखलातून पेन्सिलींसारखी उभी श्वसनमुळे वर आलेली दिसतात. एका मोठ्या झाडाची ती हजारोंच्या संख्येने असतात. चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो त्याचाच दाखला, आणि नाकाला रुमाल लावणाऱ्याला हे सांगितले की तो रुमाल काढून पुन्हा एकदा वास घेतो, असा माझा अनुभव आहे. मुळांवर बारीक छिद्रे असतात. भरतीत ती पाण्याखाली जातात तेव्हा पाणी आत शिरत नाही, पण आतला प्राणवायू झाड वापरत राहते आणि मुळांमधला दाब कमी होत जातो. ओहोटी लागून छिद्रे उघडी पडली की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. म्हणजे समुद्राच्या चढउताराबरोबर झाड दिवसातून दोनदा मोठा श्वास घेते. भर भरतीला माणसे नेऊन पाण्याकडे बोट दाखवले, तर झाडाने श्वास रोखून धरलेला असतानाच आपण तिथे पोहोचलेलो असतो.

कांदळ या खारफुटीतल्या दुसऱ्या झाडाची तऱ्हा निराळी. त्याची कमानदार आधारमुळे खोडापासून चहूकडे पसरून चिखलात उतरतात, आणि बरेचसे मीठ मुळांतच अडवून झाड पाणी तेवढे वर घेते. तिवर मीठ आत येऊ देते, पण पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी पानावर हाताला मिठाची कचकच लागते, आणि जिभेला लावले तर शंका उरत नाही. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखा लांबट कोंब होऊन लोंबत राहते. गळून पडले की जवळच्या चिखलात उभे रोवले जाते, नाही तर पाण्यावर तरंगत कित्येक दिवस प्रवास करते आणि दुसऱ्याच किनाऱ्याला लागते. चिखलावर निवट्या माशांची उडी, एक नांगी मोठी असलेल्या खेकड्यांची ती नांगी हलवण्याची लगबग, गळलेली पाने बिळात ओढून नेणारे दुसरे खेकडे, आणि त्यांच्या बिळांतून खाली जाणारी हवा, या सगळ्याला अर्धा तास स्वस्थ उभे राहावे लागते. पहिली दहा मिनिटे काहीच दिसत नाही, कारण आपल्या पावलांच्या हादऱ्याने सगळे बिळांत गेलेले असतात. अकराव्या मिनिटाला ते बाहेर येऊ लागतात, आणि आमची फेरी तर बाराव्या मिनिटाला संपली होती.

जगातली खारफुटी २०२० च्या उपग्रह-मोजणीनुसार सुमारे १,४७,००० चौरस किलोमीटर आहे, आणि ती १२० हून अधिक देशांत व प्रदेशांत विखुरलेली आहे. क्षेत्राच्या मानाने ती साठवून ठेवत असलेला कार्बन उष्ण कटिबंधातल्या जमिनीवरच्या जंगलांच्या कित्येक पटींनी भरतो, आणि त्यातला बहुतेक झाडांत नसून चिखलात असतो. ही माहिती फलकांवर असते. ती फलकांवर असायला हरकतही नाही. पण फलक वाचून चिखलाविषयी कुणाच्या मनात आदर निर्माण झालेला मी पाहिलेला नाही, आणि खेकडा बाहेर येण्याची वाट पाहून झालेला पाहिला आहे.

माकडे आणि खारफुटी या दोन वेगळ्या ‘पाहण्याच्या जागा’ आहेत, अशी जी समजूत फेरीच्या रचनेतूनच होते, तीही मला खटकते. ज्या भागांत जमिनीवरचे जंगल तुटले, तिथे झांझिबारच्या लाल कोलोबसने खारफुटीचा आसरा घेतलेला आहे. बोर्निओतला लांब नाकाचा वानर तर खारफुटीचा आणि नदीकाठच्या झाडीचाच रहिवासी आहे. संध्याकाळी तो पाण्याकाठच्या झाडांवर झोपायला येतो आणि वेळ आली तर सरळ पाण्यात उडी घेऊन पोहत जातो. सुंदरबनात माकडे केवड्याच्या नव्हे, तर ‘केओडा’ म्हणतात त्या, खारफुटीतल्या चिप्पीच्या जातीच्या झाडावर बसून खाता खाता पाने-फळे खाली टाकतात आणि ती वेचायला चितळ झाडाखाली जमतात. आणि थायलंडच्या अंदमान समुद्राकडील किनाऱ्यावरची लांब शेपटीची माकडे ओहोटी लागली की खडकांवर उतरून दगडाने कालवे फोडून खातात, याच्या नोंदी २००७ पासून प्रसिद्ध होत आहेत. माकडाला ओहोटीची वेळ कळते. फेरी चालवणाऱ्यांनाही ती कळावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पायवाटेविषयी थोडक्यात सांगते. चिखलावर खांब रोवून केलेली लाकडी पायवाट ही चांगलीच सोय आहे, कारण तिच्याविना माणसे श्वसनमुळांवर पाय देत चालतील. पण ती अरुंद असावी, तिच्यावर मधूनमधून बसण्याइतकी जागा असावी, आणि छायाचित्रासाठी कुणी कठडा ओलांडून खाली उतरू लागला तर त्याला अडवण्याचा अधिकार मार्गदर्शकाला असावा.

मार्गदर्शकाचा अधिकार, हा माझ्या पत्रातला सर्वांत अवघड मुद्दा आहे, कारण तो पैशाशी जोडलेला आहे. जो माणूस बक्षिसीवर जगतो, त्याला बक्षिसी देणाऱ्याचा हात धरता येत नाही. ‘मागे सरका’, ‘आवाज करू नका’, ‘आज टोळी आत गेली आहे, तिच्यामागे जाणार नाही’ ही तीन वाक्ये मार्गदर्शकाच्या तोंडी यावीत असे वाटत असेल, तर ती म्हटल्याने त्याचे नुकसान होणार नाही अशी व्यवस्था आधी करावी लागेल. पुरेसे निश्चित वेतन द्यावे, आणि बक्षिसी द्यायचीच असेल तर ती एका सामायिक पेटीत जमा होऊन सर्वांत वाटली जावी. असे केल्याने जवळून दर्शन घडवण्याची चढाओढ एका रात्रीत संपेल असा माझा दावा नाही. पण फांदी हलवण्यात आज जो लाभ आहे, तो उरणार नाही.

आपल्यापैकी काहींचा आक्षेप मी ऐकलेला आहे, आणि तो पोकळ नाही. गट लहान केले, वेळ वाढवला, दर्शनाची हमी काढून घेतली तर उत्पन्न घटेल. आणि ज्या गावांनी जंगल तोडायचे थांबवले, त्यांना या उत्पन्नातूनच वाटा मिळतो. जोझानीतही प्रवेशशुल्काचा काही भाग आसपासच्या गावांसाठी वापरला जातो. गावकऱ्यांचा वाटा कमी करून पर्यटकाची अभिरुची सुधारण्यात मलाही रस नाही. मात्र त्याच ठिकाणची आणखी एक गोष्ट आठवते. कोलोबस कोवळे नारळ खाऊन बागांचे नुकसान करतात, अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा वानरांनी कोवळी फळे खाल्लेल्या झाडांचे अखेरचे उत्पन्न घटलेले आढळले नाही, उलट विरळणी झाल्यासारखा थोडा फायदाच दिसला. ठाम वाटणारा तोटा मोजल्यावर तोटा ठरत नाही, असे होऊ शकते. तेव्हा एका हंगामापुरती, रोजच्या फेऱ्यांपैकी एकच फेरी ओहोटीला बांधून, आठ जणांची, तीन तासांची आणि थोड्या अधिक शुल्काची करून पाहावी, आणि तिचा हिशेब बाकीच्या फेऱ्यांशेजारी मांडावा. हिशेब जर माझ्या विरुद्ध गेला, तर माझे म्हणणे मागे घेण्यास मी तयार आहे. अंतराविषयीचे मात्र नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगते. त्या लाल कोलोबसांची संख्या पूर्वी समजत होते त्याच्या जवळपास तिप्पट, म्हणजे ५,८०० हून अधिक आहे, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेने दाखवले. ही बातमी आनंदाची आहे, तरी प्राणी अजून संकटग्रस्तांच्या यादीतच आहे. मी तिचा उल्लेख करते तो यासाठी, की त्या गणनेसाठी माणसे शेकडो टोळ्यांमागे संयमाने, दीर्घकाळ फिरली. जाणून घ्यायचे असले की वेळ द्यावाच लागतो हे ज्यांच्या कामाचे सूत्र आहे, अशा संशोधकांपैकी एखाद्याला आपल्या मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाला बोलवावे. कोळशाचीच गोष्ट घ्या. काही झाडांच्या पानांतली अपायकारक द्रव्ये पोटात शोषली जावीत म्हणून हे वानर जळक्या लाकडाचा कोळसा चघळतात, असे अभ्यासक मानतात. अशी एक गोष्ट नीट सांगता आली तर समोरच्या वानराने तोंड वळवले काय आणि न वळवले काय, ऐकणारा त्याच्या पाठीकडेही टक लावून पाहतो.

जाहिरातीतून ‘हमखास दर्शन’ हे शब्द काढून टाकावेत, ही माझी पहिली विनंती आहे, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. दुसरी, माकडांपासून १० मीटर हे अंतर तोंडी न सांगता दाखवावे. फेरीच्या आरंभी दोन झाडांना त्या अंतरावर खुणा केल्या तरी पुरे, कारण दहा मीटर म्हणजे किती हे बहुतेकांना खरेच कळत नाही, मलाही कळत नव्हते. सर्दी-खोकला असलेल्याला त्या दिवशी टोळीपाशी न नेता आधी खारफुटीकडे न्यावे, किंवा तिकिटाची तारीख बदलून द्यावी. पैसे बुडतील या भीतीनेच माणसे खोकला लपवतात. बाकीचे, म्हणजे वेतन, गटाचा आकार, पायवाट, यांना वेळ लागेल याची मला जाणीव आहे.

मनातून उतरलेल्या त्या फेरीला मी पुन्हा एकदा जायचे ठरवले आहे. या खेपेस तिकीट काढण्यापूर्वी मी खिडकीवर त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ विचारणार आहे. ती तिथे, प्रवेशशुल्काच्या फलकाशेजारी, खडूने का होईना लिहिलेली असावी.

आपली विश्वासू,
एक वनफेरीकर